‘ताण टाळावा’ या एका ओळीचं काय करायचं? अटॅकनंतरचे बारा आठवडे

हार्ट अटॅकनंतर हातात पडणाऱ्या डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांची नावं, मिलिग्रॅम, वेळा सगळं काटेकोर लिहिलेलं असतं. मीठ किती, चालायचं किती, पुन्हा कधी दाखवायचं, हेही असतं. आणि तळाशी एक ओळ असते, ‘मानसिक ताण टाळावा’. कुठला ताण, किती, कसा टाळायचा, याबद्दल एक अक्षर नाही. पुण्यात कार्डिॲक रिहॅबचं, म्हणजे हृदयविकारानंतरच्या पुनर्वसनाचं, काम करताना आमचा निम्मा वेळ या एका ओळीवर जातो. ताण मोजतात कसा, पुढच्या बारा आठवड्यांत पेशंट नेमका कशातून जातो आणि गाडी कुठे अडते, ते इथे लिहितो आहोत.

नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘टेन्शननेच झालं ना हो हे?’ याचं उत्तर आम्ही घाईने देत नाही. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला इंटरहार्ट अभ्यास ५२ देशांतला होता आणि त्यात भारतही होता. अटॅक आलेल्या सुमारे ११ हजार लोकांना आणि न आलेल्या सुमारे १३ हजार लोकांना ताणाबद्दल तेच प्रश्न विचारले गेले. कामामुळे किंवा घरच्या परिस्थितीमुळे चिडचिड, काळजी, झोप न लागणं हे कधीच होत नाही, कधीमधी होतं, बरेचदा होतं की कायम असतं, असे पर्याय होते. ‘कायम असतं’ म्हणणाऱ्यांमध्ये अटॅकची शक्यता ‘कधीच नाही’वाल्यांच्या दुपटीहून थोडी जास्त निघाली. त्याच अभ्यासात तंबाखू, कोलेस्टेरॉल, बीपी, मधुमेह, पोटाचा घेर, आहार, व्यायाम, दारू आणि मनावरचा ताण या नऊ गोष्टी मिळून पुरुषांमधल्या सुमारे ९० टक्के अटॅकचा हिशेब लागला.

मात्र हे प्रश्न अटॅक येऊन गेल्यावर विचारलेले होते. आजारी माणूस कारण शोधतच असतो, त्यामुळे त्याला ताण जास्त आठवतो. याउलट, आधी निरोगी असलेल्या जवळपास दोन लाख युरोपीय नोकरदारांवर पुढे वर्षानुवर्षं लक्ष ठेवलेल्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २०१२ साली आलं. भरपूर मागणी आणि हातात अधिकार कमी, अशा नोकरीत धोका सुमारे २३ टक्क्यांनी जास्त दिसला. वाढ खरी आहे, पण दुप्पट नाही. म्हणून आम्ही सांगतो की ताण हे एक कारण आहे, एकमेव नाही. ‘टेन्शननेच झालं’ असं ठरवून टाकलेला माणूस दोन महिन्यांत कोलेस्टेरॉलची गोळी बंद करतो, कारण त्याच्या हिशेबी रोग डोक्यात होता. हे आम्ही वारंवार पाहतो आणि याचीच भीती सगळ्यात जास्त वाटते.

शरीरात होतं काय, हे पेशंटला समजावून सांगितलं की तो पुढचं ऐकतो. ताण दोन वेगांनी काम करतो. संथ वेग महिने-वर्षांचा. २०१७ साली २९३ लोकांच्या स्कॅनवर झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की मेंदूतला ॲमिग्डाला हा धोक्याची घंटा वाजवणारा भाग ज्यांच्यात जास्त जागा होता, त्यांची अस्थिमज्जाही जास्त सक्रिय होती, रक्तवाहिन्यांच्या भिंतींत दाह जास्त होता आणि पुढे हृदयविकाराच्या घटनाही जास्त झाल्या. शिवाय ताणातला माणूस सिगारेट वाढवतो, झोप गमावतो, अवेळी खातो आणि गोळ्या विसरतो. दुसरा वेग तासाभराचा. ॲड्रेनॅलिन वाढतं, बीपी आणि ठोके चढतात, रक्तातल्या प्लेटलेट चिकट होतात आणि आधीच कमकुवत झालेला चरबीचा थर फाटला तर त्यावर गुठळी धरते. इंटरहार्टच्याच माहितीवरून २०१६ साली दिसलं, की अटॅकच्या आधीच्या तासात तीव्र राग किंवा मनस्ताप झाला असेल तर धोका सुमारे अडीचपट होतो, आणि रागाच्या जोडीला जड अंगमेहनत असेल तर सुमारे तिप्पट. या शेवटच्या वाक्याचा रोजच्या जगण्यात फार उपयोग आहे, त्याकडे पुढे येतो.

पहिली भेट डिस्चार्जनंतर साधारण एक ते दोन आठवड्यांत होते. येताना डिस्चार्ज समरी, अँजिओग्राफीची सीडी, टू-डी एकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं आणायची. यादी नको, पाकिटंच हवीत, कारण किती गोळ्या उरल्यात ते त्यावरूनच कळतं. पाच मिनिटं शांत बसवून दोन्ही हातांचं बीपी घेतात, कमरेचा घेर मोजतात (आपल्याकडे पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० ही मर्यादा धरतात), मग तीस मीटरच्या सपाट मार्गिकेत सहा मिनिटं चालायला लावतात आणि अंतर टिपतात. एकोवर हृदयाची पंपिंग क्षमता ४० टक्क्यांखाली असेल तर व्यायाम देखरेखीखालीच होतो.

खरं काम त्यानंतर सुरू होतं. पेशंटशी एकट्याशी बोलायचं आणि घरच्यांशी वेगळं. दोघं एकत्र बसले की नवरा म्हणतो, ‘काही टेन्शन नाही मॅडम, सगळं व्यवस्थित आहे.’ बायको गप्प. वेगळं विचारलं की ती सांगते, ‘अहो, हे दोन-दोन वाजेपर्यंत जागे असतात, कोणाचा फोन आला की अंगणात जाऊन बोलतात.’ बायको पेशंट असेल तर हेच उलट होतं. सासूबाई शेजारी बसलेल्या असताना ती काय बोलणार?

‘टेन्शन आहे का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. त्याला ‘कोणाला नसतं?’ हेच उत्तर येतं. आम्ही अटॅकच्या आधीच्या महिन्यातला एखादा साधा मंगळवार तासातासाने सांगायला लावतो. किती वाजता उठलात, चहा कधी, घरातून कधी निघालात, हिंजवडीला पोचायला किती वेळ, जेवण कुठे आणि कितव्या मिनिटाला संपलं, अमेरिकेचा कॉल किती वाजता, तो संपल्यावर झोप कधी. चाकण-भोसरीकडच्या माणसाला शिफ्ट कशा फिरतात, कंत्राट कधी संपतंय, ओव्हरटाइमला नाही म्हणता येतं का, हे विचारायचं. लक्ष्मी रोडवरच्या दुकानदाराला उधारी किती अडकली आणि दिवाळीच्या मालासाठी काढलेले पैसे फिटले का. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचं सगळं करणाऱ्या बाईला रात्री कितीदा उठावं लागतं. या कामाला घरात कोणी काम म्हणत नाही, त्यामुळे तीही म्हणत नाही. तासातासाने विचारलं तरच ते समोर येतं.

ऐकताना तीन गोष्टींवर खूण करायची. काम कधी आणि कसं करायचं हे ठरवणं त्याच्या हातात आहे का, जितकं रेटतो तितकं पैशात, मानात किंवा स्थैर्यात परत मिळतं का, आणि अडचणीला उभं राहणारं माणूस आहे का. चौथी गोष्ट पैशाची. ती सगळ्यात उशिरा बाहेर येते, बहुतेकदा दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत. घराचा ईएमआय सगळे सांगतात, पण पतपेढीचं कर्ज आणि मेहुण्याकडून घेतलेले पैसे सांगत नाहीत. शिवाय अँजिओप्लास्टीचं बिल हा स्वतःच नवा ताण असतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया बसते, पण योजनेतल्या रुग्णालयातच. अटॅकच्या घाईत हे पाहणं कोणाला सुचत नाही आणि नंतर ते पैसे मनाला खात राहतात.

याच भेटीत दोन प्रश्नावल्या भरून घेतात, उदासीनतेसाठी पीएचक्यू-९ आणि चिंतेसाठी जीएडी-७. दोन्ही मराठीत मिळतात. पीएचक्यूमध्ये मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा किंवा वर आले की सविस्तर तपासणी करायची. नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याबद्दलचा आहे. तिथे शून्याखेरीज काहीही असलं तर बेरीज न बघता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांशी बोलणं व्हायला हवं. रात्री-अपरात्री घरच्यांना टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक देऊन ठेवतो, तिथे मराठीत बोलता येतं.

या प्रश्नावलीत फसायला दोन जागा आहेत. थकवा आणि झोप यांचे गुण अटॅकनंतर तसेही वाढतात. बीटा-ब्लॉकरने (ठोके संथ ठेवणाऱ्या गोळीने) अंग जड होतं आणि आयसीयूतल्या रात्रींनी झोपेची घडी मोडलेली असते. म्हणून पहिल्या दोन प्रश्नांकडे बारकाईने बघायचं, ते म्हणजे कशातच मन न रमणं आणि खिन्न वाटणं. ते दोन्ही शून्य असून बेरीज दहा आली, तर आधी गोळ्या आणि झोप तपासायची. दुसरी अडचण भाषेची. ‘मला डिप्रेशन वगैरे काही नाही’ म्हणणारा साठीचा गृहस्थ ‘हल्ली उगाच चिडचिड होते, पेपर हातात घेतो पण वाचवत नाही’ हे सहज सांगतो. त्याच शब्दांत विचारावं. आणि कागद मोठ्याने वाचून दाखवू नये, पेशंटला स्वतःला भरू द्यावा. समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघून दिलेली उत्तरं नेहमी सौम्य असतात.

अटॅकनंतर साधारण पाचातल्या एकाला औषधोपचार लागावा इतकं डिप्रेशन असतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ साली ते हृदयविकारानंतरच्या वाईट परिणामांचं जोखमीचं कारण म्हणून मान्य करावं, अशी शिफारस केली. पण डिप्रेशन बरं केलं की आयुष्य वाढतं का? २००३ साली जवळपास अडीच हजार रुग्णांवर झालेल्या एनरिच्ड चाचणीत समुपदेशनाने मन सुधारलं, मृत्यू किंवा पुन्हा अटॅक यांत फरक पडला नाही. हे आम्ही पेशंटला लपवत नाही. उपचार करायचे ते दुःख कमी व्हावं म्हणून आणि चालणं, गोळ्या, तंबाखूपासून दूर राहणं हे जमावं म्हणून. सर्ट्रालिन हे डिप्रेशनवरचं औषध हृदयरुग्णांत अभ्यासलेलं आहे. मानसोपचारतज्ज्ञ ते सहसा २५ किंवा ५० मिलिग्रॅमपासून सुरू करतात. गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्त. पहिल्या आठवड्यात मळमळ झाली की लोक परस्पर सोडून देतात, म्हणून ती होणार हे आधीच सांगायचं. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या गुठळी रोखणाऱ्या गोळ्यांच्या जोडीला हे औषध असताना रक्तस्रावाची शक्यता वाढते. काळी शौच झाली किंवा नाकातून, हिरड्यांतून रक्त आलं तर लगेच कळवायचं. झोपेसाठी घरातली जुनी गोळी कपाटातून काढून घेणं पूर्ण बंद.

पहिले चार आठवडे चालण्याचे. सपाट जागा निवडायची, सारसबागेभोवती किंवा सोसायटीच्या आवारात. सुरुवातीला दहा मिनिटं, मग दर दोन-तीन दिवसांनी दोन-तीन मिनिटं वाढ. चालताना वाक्य पूर्ण बोलता आलं पाहिजे, श्रम किती जाणवतात ते सांगणाऱ्या सहा ते वीसच्या बोर्ग मापावर ११ ते १३. पर्वती हा पुणेकरांचा जुना हट्ट आहे. वर्षानुवर्षं रोज चढणाऱ्याला ‘कधी चढू?’ याखेरीज दुसरा प्रश्न नसतो. टीएमटी (पट्ट्यावर चालवून ईसीजी बघण्याची तपासणी) होऊन डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवेपर्यंत नाही, एवढंच उत्तर.

या दिवसांत प्रत्येक कळ अटॅकची वाटते. इथे एक नियम आम्ही फार कडक ठेवतो. छातीतलं दुखणं टेन्शनचं आहे, गॅसचं आहे, हे पेशंटने ठरवायचं नाही. छातीत भरून आलं, हात-जबडा-पाठ दुखली, घाम फुटला, धाप लागली, तर आहे तिथे बसायचं. डॉक्टरांनी दिलेली जिभेखालची गोळी घ्यायची आणि पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८ लावायचा. लैंगिक क्षमतेसाठीची गोळी घेतलेली असेल तर जिभेखालची गोळी घ्यायची नाही, बीपी धोकादायक उतरतं. हा प्रश्न आम्ही बंद दाराआड स्पष्ट विचारतो. रुग्णालयात पोचल्यावर दहा मिनिटांत ईसीजी आणि काही तासांच्या अंतराने दोनदा ट्रोपोनिन ही रक्ततपासणी, इतकं झाल्याशिवाय ‘टेन्शन होतं’ म्हणायचा अधिकार कोणालाच नाही. बायकांमध्ये नुसती मळमळ, थकवा, धाप अशी लक्षणंही असतात आणि त्यांनाच ‘घाबरलीस गं, काही नाही’ असं सगळ्यात जास्त ऐकावं लागतं. शिवाय मोठ्या मानसिक धक्क्यानंतर हृदयाचा खालचा भाग फुगून आकुंचन मंदावतं, तो ताकोत्सुबो विकार जास्त करून पाळी गेलेल्या बायकांतच दिसतो. ईसीजी आणि रक्ततपासणीत तो हुबेहूब अटॅकसारखा असतो, अँजिओग्राफीनंतरच उलगडतो.

श्वासाचा सराव दुसऱ्या आठवड्यापासून. मिनिटाला सहा श्वास, पाच सेकंद आत, पाच सेकंद बाहेर, दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. नाकाने, पोट हलेल असं, पण खोल ओढून नाही. बहुतेकांचं इथेच चुकतं. जोर लावून भरभरून श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं आणि माणूस आणखी घाबरतो. श्वास हलका आणि संथ. कपालभाती, भस्त्रिका आणि कुंभक या काळात नाही, मग ते वीस वर्षं करत आलेले असोत. सराव शांत वेळीच करायचा. भांडण पेटल्यावर पहिल्यांदा करून बघणाऱ्याला तो कधीच साधत नाही. योगाबद्दल विचारणा खूप होते. भारतातल्या २४ केंद्रांत जवळपास चार हजार रुग्णांवर योगा-केअर चाचणी झाली. मृत्यू किंवा पुन्हा अटॅक यांत ठोस फरक सिद्ध झाला नाही, पण प्रकृतीचं समाधान आणि आधीच्या कामांकडे परतणं सुधारलं. तेवढ्यासाठीही तो करण्याजोगा आहे.

पाचव्या आठवड्यापासून आठवड्यातून एकदा ताण हाताळायला शिकवणारा पेशंटचा गट बसतो, आणि आमच्या मते सगळ्या कार्यक्रमाचा गाभा हा आहे. स्वीडनमधल्या एका चाचणीत वर्षभरात अशा दोन-दोन तासांच्या वीस बैठकी घेतल्या आणि पुन्हा होणाऱ्या हृदयविकाराच्या घटना ४१ टक्क्यांनी घटल्या. अमेरिकेत २०१६ साली १५१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत नुसत्या रिहॅबच्या गटात ३३ टक्क्यांना पुढे त्रास झाला, ताणाचं प्रशिक्षण जोडलेल्या गटात १८ टक्क्यांना. चाचण्या छोट्या आहेत. पण नुसतं बोलण्यापेक्षा कौशल्य शिकवून घरी सराव करवून घेतलेला उपयोगी पडतो, हे आम्हाला गटात दिसतं.

सराव वहीचा असतो. वेळ, काय झालं, अंगाला काय जाणवलं, मी काय केलं, असे चार रकाने. तिसरा रकाना पहिले दहा दिवस रिकामा राहतो. लोकांना राग कळतो, पण त्याआधी दात आवळले गेले, खांदे वर गेले, बोलणं भराभर झालं, हे कळत नाही. ते ओळखता आलं की भडका उडण्याआधी थोडी उसंत मिळते. महिनाभराच्या नोंदी झाल्या की एकेका गोष्टीवर बसायचं. रात्री साडेनऊचा कॉल साडेसातला होतो का? कितीदा तरी कोणी विचारलेलंच नसतं. बँकेकडून हप्त्याची मुदत वाढवून मिळते का? आणि भाऊबंदकीची केस दहा वर्षं चालूच राहणार असेल, तर तिच्यावर घरात बोलायचा वार आणि वेळ ठरवायची. रविवारी सकाळी अर्धा तास, जेवताना नाही, रात्री आठनंतर तर नाहीच. वकिलाचा फोन मुलाने घ्यायचा.

रागाच्या तासाचा नियम इथे शिकवतो. कडाक्याचं भांडण झालं की पुढचा तास अंगमेहनत नाही. रागाने जिना चढून जायचं नाही, डोकं शांत करायला जिममध्ये वजनं उचलायची नाहीत, बंद पडलेली गाडी ढकलायची नाही. बसायचं, पाणी प्यायचं, संथ श्वास, मग सपाटीवर सावकाश फेरी. ‘घाम गाळला की राग जातो’ ही समजूत निरोगी तरुणाला चालून जाते, नुकताच स्टेंट बसलेल्याला नाही.

कामावर परतणं साधारण दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात, हृदयाची अवस्था आणि कामाचं स्वरूप बघून. ‘हलकं काम द्यावं’ असं सर्टिफिकेट कोणाच्याच उपयोगाचं नसतं. आम्ही पत्रात किती आठवडे रात्रपाळी नाही, किती किलोवर उचलायचं नाही, किती वाजल्यानंतर कॉल नाही, असं आकड्यांत मांडून डॉक्टरांची सही घेतो. आकडे असले की एचआरला निर्णय घेता येतो. आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांत हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी आणि पक्षाघाताचा ३५ टक्क्यांनी जास्त असल्याचं जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ साली मांडलं. तेही पत्राला जोडतो. शिफ्ट टळणारच नसेल तर ती सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने पुढे सरकावी. उलट्या क्रमाने झोप जास्त मोडते. टिकाग्रेलोर हे गुठळी रोखणारं औषध दिवसातून दोनदा घ्यायचं असतं, म्हणून पाळी बदलली की गोळीचे बारा-बारा तास कसे पाळायचे तेही लिहून द्यावं लागतं.

घरच्यांना आमचं एकच मागणं असतं, दिवसातून दहादा ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणणं थांबवा. वाईट बातम्या लपवल्या की पेशंटला वास येतोच आणि तो मनात त्याहून वाईट रंगवतो. त्यापेक्षा एखादं काम उचला, बँकेत जाणं, औषधं आणणं, वीजबिल. कोथरूड-सदाशिव पेठेत मुलं परदेशी असलेली, एकटी राहणारी ज्येष्ठ मंडळी येतात, त्यांचा ताण शांततेचा असतो. माणसांशी संबंध तुटलेल्यांत हृदयविकार सुमारे २९ टक्क्यांनी जास्त आढळला आहे. त्यांच्या वहीत आम्ही चालण्याच्या वेळेशेजारी रोज कोणाशी बोलणं झालं त्याचं नाव लिहायला सांगतो. आणि कुणाकुणाचं करण्यात घराबाहेरच पडता न येणाऱ्या बायकांसाठी हाच कार्यक्रम फोनवर चालवतो, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात त्या गळतात.

बाराव्या आठवड्यात सगळं पुन्हा मोजायचं, सहा मिनिटांचं चालणं, बीपी, घेर, दोन्ही प्रश्नावल्या आणि डॉक्टरांनी सांगितली असेल तर टीएमटी. टीएमटी चांगली आली की वही बंद करण्याचा मोह होतो. पण पट्ट्यावर धावून मनाच्या ताणाचा हृदयावर होणारा परिणाम कळत नाही. २०२१ साली ९१८ हृदयरुग्णांवरच्या अभ्यासात सुमारे १६ टक्के लोकांत नुसत्या मानसिक ताणाने हृदयाचा रक्तपुरवठा घटला आणि त्यांना पुढे धोका दुपटीहून जास्त होता.

पुढची तारीख देताना पेशंटचा अवघड हंगाम विचारतो. दुकानदाराला दिवाळीच्या महिनाभर आधी, आयटीवाल्याला अप्रेझलच्या आधी, मुलाची बारावी असलेल्या आईला जानेवारीत. येताना आठवडाभराचं घरचं बीपी लिहून आणायचं, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा. सरासरी १३५/८५ च्या वर गेली तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता आधी यायचं. वही आणि गोळ्यांची पाकिटं सोबत.